कुंपणापलीकडची वाटी

विहीणबाई, तुम्ही गुडघ्यांवर बसलात तेव्हा मला वाटलं, काहीतरी सापडलं.

मग तुम्ही पुढे वाकलात, कपाळ वाळूला टेकलं आणि तुम्ही उठलाच नाहीत. मी थर्मासचं झाकण हातात धरून उभी होते. चहा निवतोय म्हणाले. पुन्हा म्हणाले. तुमच्या कानांवर हेडफोन होते, ऐकू आलं नसेल असं वाटलं. जवळ येऊन खांद्याला हात लावला तर तुम्ही कुशीवर कलंडलात. डोळे उघडे. पापण्यांना वाळू चिकटलेली, आणि तुम्ही ती पुसत नव्हतात.

मी ओरडले. जन्मभर पिठाची गिरणी चालवलेल्या बाईचा आवाज आहे माझा, पट्ट्याच्या खडखडाटातून पलीकडे जाणारा. लांब एक उंच बाई कुत्रं फिरवत होती, ती वळली. ‘अहो, माझ्या विहिणीला बघा कोणीतरी,’ मी मराठीतच ओरडत होते. ती पळत आली. तिने फोन लावला. किनाऱ्यावरच्या हॉटेलातून दोन माणसं एक पेटी घेऊन धावत आली, तुमचा कोट उघडला आणि छातीवर दाबायला लागली.

धातू शोधायच्या मशीनची तबकडी तुमच्या पायाखाली अडकली होती आणि शेजारी लोखंडी फावडं पडलं होतं. हेडफोनची वायर निघाली होती. ती माणसं दाबायची, तुमचा पाय हलायचा, तबकडी हलायची आणि मशीन वाजायचं. प्रत्येक दाबाला एक कुंई. तुम्ही गप्प आणि ते बोलतंय. मला ते बंद करता येत नव्हतं. ‘शिकवते तुम्हाला, सोपं आहे,’ असं तुम्ही म्हणायचात आणि ‘मला काय करायचंय शिकून’ असं मी. शेवटी त्या कुत्र्यावाल्या बाईनेच ते ओढून काढलं आणि सगळी बटणं दाबून पाहिली, तेव्हा ते थांबलं.

पिवळी अँब्युलन्स वाळूवरूनच आली. तुम्हाला आत घेत होते तेवढ्यात मला तुम्ही खणलेला खड्डा दिसला. वीतभर खोल, कडा नीट कापलेल्या. मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी तो बुजवला, वरून थापटला. खड्डा उघडा ठेवायचा नाही हा नियम तुम्ही माझ्या कानीकपाळी ओरडला होतात. अँब्युलन्समधला माणूस माझ्यासाठी दार धरून थांबला होता. त्याला वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलं.

दवाखान्यात केतकी आली. त्या लोकांनी तिला बाजूला नेलं. मला त्यांचं काही समजत नव्हतं, पण तुमच्या मुलीची मान मला पाठमोरी दिसत होती, आणि ती मान जशी खाली गेली त्यावरून मला कळलं.

तुम्हाला हे सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्याला माहीत नाही म्हणून सांगते. तुमची केतकी आणि माझा नीलेश. लग्न पुण्यात, संसार डच मुलखात, अ‍ॅमस्टेलव्हीनला, मुलगी इरा. बाळंतपणाला तुम्ही आलात, पुढचे तीन महिने मी आले, असं आपलं आळीपाळीने चाललं होतं. एक विमानात बसली की दुसरी उतरणार. त्यामुळे कितीतरी वर्षं आपली गाठ व्हायची ती डब्यांतून. तुम्ही करून ठेवलेलं लोणचं मी संपवायचे, मी भाजून ठेवलेली भाजणी तुम्ही. माझ्या भाजणीला तुम्ही केतकीपाशी नाव ठेवलं होतं, धणे जास्त पडलेत म्हणून. ते मला इराने सांगितलं.

मग ती दोघं वेगळी राहायला लागली. नीलेश अ‍ॅमस्टेलव्हीनच्याच घरात, केतकी इराला घेऊन लायडनला, तिच्या प्रयोगशाळेजवळ. मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. जमेना, म्हणाली. दोघंही तेच म्हणाली. वकिलाकडे कागद गेले. पोरीची ओढाताण नको म्हणून या वसंतात आपण दोघी एकदमच आलो, मी माझ्या मुलाकडे, तुम्ही तुमच्या मुलीकडे. आणि विमानातून उतरल्यापासून माझ्या डोक्यात एकच होतं. कागदावर सह्या झाल्या की ही दोघं एकमेकांची कोणी नाहीत. मग आपण दोघी एकमेकींच्या कोण?

नवरा-बायकोचं मोडतं त्याला कोर्ट आहे. विहिणींचं मोडतं त्याला काही नाही. कोणी विचारायलासुद्धा येत नाही.

तुमच्या डोक्यातही तेच होतं. नाहीतर तुम्ही ते मशीन कशाला विकत घेतलं असतं?

तीन उन्हाळ्यांपूर्वी ती सगळी समुद्रावर गेली होती. इरा आईच्या मांडीवर चढायला गेली आणि मंगळसूत्र तुटलं. काळे मणी वाळूत गेले. दोन वाट्यांतली एक केतकीच्या मुठीत राहिली, एक गेली. एक वाटी तुम्ही घातलेली, माहेरची. एक मी, सासरची. गेली कोणती? दोन्ही एकसारख्या, कारण तुम्हीच हट्टाने माझ्या सोनाराकडचा नमुना मागून घेतला होतात. गावाकडे माझ्या जावा म्हणाल्या, तेव्हाच अपशकुन झाला. मी त्यांना म्हणाले, वाटी गेली म्हणून संसार मोडत असता तर चोर पकडणाऱ्यांनी जगातले सगळे संसार वाचवले असते.

तुम्ही तर देवालाही सोमवारी सुट्टी देणाऱ्या. आणि तुम्हीच फोन करून म्हणालात, ‘विहीणबाई, वाटी शोधायला येता का?’

‘समुद्रावर? तीन वर्षांनी?’

‘सोनं गंजत नाही.’

‘पण माणूस गंजतं. माझे गुडघे बघा.’

‘तुम्ही नुसतं उभं राहा. चहा आणा.’

मी नीलेशला सांगितलं, मी तुझ्या सासूबरोबर फिरायला चालले आहे. तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, ‘आई, ती आता...’ त्याने मला लायडनच्या बसमध्ये बसवून दिलं आणि ड्रायव्हरला माझा स्टॉप सांगितला.

तुम्ही मशीन हातात घेण्याआधी नियम काढून बसला होतात. टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी, नियमाशिवाय तुमचा घास उतरत नसे. इथे प्रत्येक गावच्या गेमेंटेचं, म्हणजे नगरपालिकेचं, वेगळं असतं. एका किनाऱ्यावर मशीन चालतं, शेजारच्यावर चालत नाही. तुम्ही केतकीकडून वाचून घेतलंत आणि मला बाकावर बसवून शाळेतल्यासारखं सांगितलंत. किनाऱ्यावर चालेल, मागच्या वाळूच्या टेकड्यांवर अजिबात नाही. फार खोल खणायचं नाही. खड्डा बुजवायचा. गंजलेलं मोठं काही निघालं तर हात लावायचा नाही, जुन्या लढाईतला बॉम्ब असू शकतो, पोलिसांना फोन. मौल्यवान काही सापडलं तर गेमेंटेला कळवायचं.

मी म्हणाले, ‘आणि वाटी सापडली तर?’

‘ती आपलीच आहे.’

‘कोणाची? तुमची का माझी?’

‘जाड असली तर तुमची. सासरच्यांना वजन दाखवायचं असतं.’

‘आणि आतून पोकळ असली तर तुमची.’

तुम्ही असं हसलात की शेजारची सीगल उडाली.

पहिल्याच दिवशी आपल्याला कळलं होतं. केतकीने फोनवर त्या दिवशीचा फोटो दाखवला होता, ती सगळी सतरंजीवर बसलेली आणि मागे नंबर घातलेला खांब. तो खांब आपण शोधला. तो गवतात होता. मधल्या हिवाळ्यांत वादळं झाली, वाळू सरकली, टेकडी पुढे आली, तिच्यावर ते उंच टोकदार गवत आलं, आणि तारेचं कुंपण उचलून पुढे रोवलेलं. आपली माणसं जिथे सतरंजी टाकून बसली होती ती जागा आता कुंपणाच्या आत होती.

मी म्हणाले, ‘तार खाली वाकवते, तुम्ही जा. कोण बघतंय?’

‘नाही म्हणजे नाही.’

‘अहो, आपलं सोनं आपण काढायचं. चोरी आहे का?’

‘नियम आहे.’

तेवढ्यात त्या टेकड्या राखणारा माणूस आला, हिरव्या कोटातला. तुम्ही त्याला इंग्रजीत सगळं सांगितलंत. मुलगी, नात, मंगळसूत्र, वाटी. हाताने वाटीचा आकार दाखवलात. त्याने शांतपणे ऐकलं. मग तो बोलला आणि तुम्ही मला सांगितलंत. गवताच्या मुळांनी टेकडी धरलेली आहे, टेकडीने समुद्र धरलेला आहे, आणि गाव समुद्राच्या खालच्या अंगाला आहे. शिवाय पक्ष्यांची अंडी आहेत. तिथे खणायला तो त्याच्या आईलाही देणार नाही.

‘त्याला विचारा, त्याची आई कुठे असते,’ मी म्हणाले.

तुम्ही विचारलंत. ती याच गावात राहत होती. तो हसला, आपल्याला शुभेच्छा देऊन गेला.

मला वाटलं, झालं. आता मशीन पेटीत घाला आणि घरी चला. पण तुम्ही कुंपणाकडे पाठ केलीत, हेडफोन कानाला लावलेत आणि पाण्याच्या दिशेने चालायला लागलात, मशीन डावीकडे उजवीकडे फिरवत, झाडू मारल्यासारखं. मी मागून थर्मास घेऊन.

विहीणबाई, वाटी कुठे आहे ते आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती पाण्यात नव्हती. तरी आपण दर शनिवारी गेलो आणि जिथे ती नाही तिथे तुम्ही शोधलंत. मी एकदाही म्हणाले नाही की हे कशाला. तुम्हीही म्हणाला नाहीत. घरी केतकी विचारायची, ‘मिळाली का गं?’ तुम्ही सांगायचात, ‘अजून बराच किनारा राहिलाय.’

आणि काय काय काढलंत तुम्ही त्या वाळूतून. बाटल्यांची बुचं. तंबूचे खिळे. एक चमचा. एका कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला, त्याच्यावर फोन नंबर होता, तुम्ही फोन केलात तर कळलं की कुत्रं म्हातारं होऊन मेलं. त्या माणसाशी तुम्ही बराच वेळ बोललात. फोन ठेवून मला म्हणालात, ‘रडत होता बिचारा.’ मी म्हणाले, ‘आपल्या विहिणीसाठी रडतं का कोणी असं?’ तुम्ही म्हणालात, ‘गळ्यात बिल्ला घालून फिरा, कोणीतरी फोन करेल.’

हेडफोन घातले की तुम्ही पुन्हा एक्स्चेंजमध्ये जायचात. पाठ ताठ, मान किंचित तिरकी. मशीन वाजलं की तुमच्या तोंडून हळूच ‘बोला’ निघायचं. तुम्हाला ते माहीतच नव्हतं. मी कधी सांगितलं नाही, नाहीतर तुम्ही थांबवलं असतंत.

एकदा अंगठी सापडली. पुरुषाची, आतून काही कोरलेलं. मी म्हणाले, सापडलेलं सोनं घरात नेऊ नका, लाभत नाही, देवाच्या पेटीत टाका. आमच्याकडे तसंच करतात. तुम्ही म्हणालात, ‘इथे देवाची पेटी म्हणजे गेमेंटे.’ आपलं तिथेच जुंपलं. ज्याचं हरवलं तो शोधत असेल, असं तुमचं. ज्याने हरवलं त्याच्या नशिबातून ते गेलं, असं माझं.

‘मग आपली वाटी सापडली तरी घ्यायची नाही म्हणा.’

‘आपली आपल्याला मिळाली तर ती सापडलेली नव्हे. ती परत आलेली.’

‘हे कोणत्या शास्त्रात?’

‘माझ्या.’

तुम्ही रीतसर कळवलंत. वर्षभरात मालक आला नाही तर अंगठी ज्याला सापडली त्याची होते म्हणे. ती अजून तुमच्या नावावर आहे. तो वाद तसाच राहिला. माझं मत मी बदललेलं नाही.

मला तुमचा राग कधी कधी यायचा, तो तुम्ही मेलात म्हणून गेलेला नाही. लग्नात वरमाईचे पाय धुवायचे असतात. तुम्ही भर मांडवात म्हणालात, ‘पाय धुणार नाही, गळाभेट घेते.’ आणि सगळ्यांसमोर मला मिठी मारलीत, माझी पैठणी चुरगळली. आमची माणसं गावाला पोचेपर्यंत कुजबुजत होती. मी तुमच्याशी वर्षभर मोजून बोलले. आता सांगते, माझ्या आईने लहानपणी घेतलं असेल तेव्हापासून त्या दिवसापर्यंत मला कोणी तसं धरलं नव्हतं. त्यामुळे मला काय करावं ते सुचलं नाही.

शेवटच्या शनिवारी हवा बरी होती. ओहोटी लागली होती, वाळू ओली आणि घट्ट. बाकावर बसून तुम्ही बूट झटकलेत आणि समुद्राकडे बघत म्हणालात, ‘पुढच्या महिन्यात सह्या आहेत.’

‘हो. नीलेश म्हणाला.’

‘मग मी तुम्हाला काय म्हणायचं, विहीणबाई?’

मी म्हणाले, ‘आधी चहा घ्या.’

तुम्ही म्हणालात, ‘येते, तेवढा एक पट्टा मारून येते,’ आणि उठलात.

तोच पट्टा.

मला उत्तर माहीत होतं. कितीतरी शनिवार ते घेऊन मी बसमध्ये बसत होते. तुम्ही परत आलात की चहा देताना सांगणार होते. मला वत्सला म्हणा. सासरी गेल्यापासून मला कोणी वत्सला म्हटलेलं नाही. वहिनी झाले, काकू झाले, आई झाले, आजी झाले, गिरणीवाल्या मावशी झाले. नावाने हाक मारणारी सगळी माणसं मेली. तुम्ही मारा. आणि मी तुम्हाला कुमुद म्हणेन. तुम्ही माझ्यापेक्षा दोन इयत्तांनी नव्हे, दहाबारा इयत्तांनी जास्त शिकलेल्या, तरी कुमुदच म्हणेन. सह्या त्यांच्या होणार आहेत, आपल्याला कोणी सही मागितलेली नाही.

एवढंच होतं. चहाच्या एका कपाएवढं बोलणं.

इथली स्मशानभूमी म्हणजे एक स्वच्छ हॉल. खुर्च्यांच्या रांगा, कॉफी, हळू बोलणारी माणसं. दारात एक बाई होती, ती कोणाचं काय नातं विचारून बसवत होती. पुढची रांग घरच्यांना. नीलेश आला होता. काळा सूट घातला होता आणि कुठे उभं राहावं ते त्याला कळत नव्हतं. त्याने माझा हात धरून मला मागच्या रांगेत नेलं. ‘आपण इथे बसू, आई. बरं दिसत नाही.’ चुकलं नाही त्याचं. त्याने हिशेबच तसा केला. ती तिकडची, आपण इकडचे.

मी बसले. समोर तुमची पेटी, वर केतकीने ठेवलेला तुमचा फोटो, एक्स्चेंजमधला, तरुणपणीचा. मी रडले नाही. मला चारचौघांत रडता येत नाही.

केतकी पुढच्या रांगेत इराला घेऊन बसली होती. ती उठली, मागे वळून बघायला लागली. सगळे तिच्याकडे बघत होते. ती रांगांमधून चालत आली, नीलेशच्या समोरून माझ्यापाशी आली आणि म्हणाली, ‘आई, तुम्ही इथे काय करताय? चला.’

मी म्हणाले, ‘अगं, माणसं काय म्हणतील.’

‘शेवटी तिच्याजवळ कोण होतं? मी होते का?’

तिने माझ्या कोपराला धरून मला पुढे नेलं. दारातल्या बाईने पुढे येऊन काही विचारलं, तेव्हा इरा डचमध्ये काय बोलली ते मला समजलं नाही. बाईने मान हलवली आणि माझ्यासाठी आणखी एक खुर्ची आणली. नीलेश मागेच बसला. त्याच्यासाठीही माझा जीव तुटला, तो माझा मुलगा आहे.

त्या दिवसापासून मी लायडनला केतकीकडे आहे. तिनेच म्हटलं, व्हिसा संपेपर्यंत राहा. नीलेश माझी बॅग घेऊन आला, दारातच थांबला, केतकीने त्याला आत बोलावून जेवायला वाढलं. सह्या व्हायच्या त्या होतील. मी त्यात तोंड घालणार नाही. सकाळी पोळ्या करते, तुमच्या पोळपाटावर. तो जरा डुगडुगतो, खाली फडकं घडी करून ठेवलेलं होतं, ते तुमचंच. इरा शाळेतून येते आणि मी मराठीत विचारलं की डचमध्ये उत्तर देते. तुम्हालाही तेच करायची. आम्हाला दोघींना एकमेकींचं चालतं.

केतकी प्रयोगशाळेत गेली की घर फार शांत होतं. तुमचा चष्मा खिडकीत आहे. तुमची चादर मी धुतलेली नाही. केतकीने विचारलं, तिला सांगितलं, राहू दे, पाऊस आहे. पाऊस नव्हता.

मध्ये पुण्याहून केतकीच्या मामाने पेपरातल्या बातमीचा फोटो पाठवला. तुमचं नाव, वय, टेलिफोन खात्यातून निवृत्त. त्यांच्या पश्चात मुलगी व नात असा परिवार आहे. केतकीने मला वाचून दाखवलं आणि मग मलाही फोन दिला, मला मोठ्या अक्षरात वाचता येतं. मी दोनदा वाचलं. खोटं काही नव्हतं त्यात. अशा बातमीत विहीण लिहीत नाहीत.

म्हणून मी लिहिते, कुमुद. तुमच्या मागे केतकी आहे, इरा आहे, आणि मी आहे.